बंद पडलेल्या जुन्या संगणकासाठी पोस्ट कार्ड: वापरानंतरचे मत

पीसीआय पोस्ट कार्ड या नावाने, मदरबोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचे जे छोटे तपासणी-कार्ड बाजारात मिळते, ते साधारण २००० ते २०१० या काळातला डेस्कटॉप संगणक घरात किंवा कार्यालयात सांभाळणाऱ्या प्रत्येकाने घेऊन ठेवावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र ते कोणत्या टप्प्यावर वापरावे, त्याचे कुठे ऐकावे आणि कुठे ऐकू नये, हे ठाऊक नसेल, तर हेच कार्ड एखादा दुरुस्त होण्याजोगा मदरबोर्ड भंगारात पाठवायला कारणीभूत ठरू शकते. म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे.

ज्या संगणकासाठी कार्ड घेतले, तो नारायण पेठेतल्या आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयातला आहे. मदरबोर्ड २००७ सालचा, मेमरी डीडीआर२ प्रकारची, बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अवॉर्ड या कंपनीचा आणि कार्यप्रणाली विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला आधार देणे एप्रिल २०१४ मध्ये थांबवले, आणि आमची रोजची कामे त्याआधीच नव्या यंत्रांवर गेली होती. तरीही हा संगणक टाकून देता येत नाही. दिवाळी अंकांचे जुने विशेषांक, कवितासंग्रह आणि कोशांची कितीतरी पाने पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत जुळवलेली आहेत, आणि तो फाँट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक, म्हणजे ज्याशिवाय ते चालत नाही ती छोटी जोडणी, जुन्या प्रिंटरच्या समांतर पोर्टलाच लागते. परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, अर्धा र आणि जोडाक्षरे अशा ठिकाणी निसटतात की पूर्ण पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. लेखक दुसऱ्या आवृत्तीसाठी जुनी फाईल मागतो, तेव्हा ती जशीच्या तशी उघडणारे यंत्र हाताशी असणे ही आमच्या व्यवसायाची गरज आहे.

हा संगणक एके सकाळी सुरू होईना. बटण दाबल्यावर पंखे फिरत, पुढचा हिरवा दिवा लागत असे, मात्र पडदा काळाच राही आणि हार्ड डिस्कचा दिवा एकदाही लुकलुकत नसे. एका दुरुस्ती केंद्राने कॅबिनेट उघडण्याआधीच “बोर्ड गेला, नवीन घ्या” असा निर्णय सांगितला. पंखे फिरतात आणि चित्र येत नाही, एवढ्यावरून बोर्ड गेला असे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. या एकाच लक्षणामागे सैल बसलेली मेमरी, कमी व्होल्टेज देणारा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), बंद पडलेले ग्राफिक्स कार्ड, बिघडलेला बायोस किंवा प्रोसेसरच्या पिना यांपैकी काहीही असू शकते. ही शंकास्थळे एकमेकांपासून वेगळी करायला जे साधन मदत करते, त्याचे मोल इथे आहे.

कार्डाचे काम समजायला अवघड नाही. वीज मिळाल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी बायोसमधल्या सूचना वाचू लागतो, आणि बायोस एकेक भाग तपासत पुढे जातो. या स्वयंतपासणीला पोस्ट म्हणतात. प्रत्येक टप्पा सुरू करताना बायोस त्या टप्प्याचा सांकेतिक आकडा ‘८०’ या पत्त्याच्या पोर्टवर लिहितो. हा आकडा सोळा-आधारी पद्धतीचा असून आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी-एटीपासून ही प्रथा चालत आली आहे. पोस्ट कार्ड तो आकडा टिपते आणि दोन अक्षरी पडद्यावर दाखवते. बायोस जिथे अडकतो, तिथला आकडा पडद्यावर तसाच थांबून राहतो. पडदा काळा असताना संगणक आतून नेमके कुठवर पोहोचला, हे पाहण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

कार्ड बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घेतले. सुटे इलेक्ट्रॉनिक भाग, वायरी, मीटर आणि डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) साहित्य यांसाठी पुणेकरांना ही गल्ली सांगावी लागत नाही. पाचशेच्या नोटेतून सुटे पैसे परत आले. खोक्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. आत कार्ड आणि बारीक इंग्रजी अक्षरांतली एक पुस्तिका होती. कार्डाच्या दोन्ही कडांना पीसीआयचे दात आहेत का, की एका कडेला पीसीआय आणि दुसऱ्या कडेला जुन्या आयएसए स्लॉटचे दात आहेत, हे विकत घेतानाच पाहून घ्यावे. दोन्ही प्रकारच्या कडा असलेले कार्ड आयएसए स्लॉटमध्ये उलटे बसू शकते, आणि तसे बसवून वीज दिली तर कार्ड व बोर्ड या दोन्हींना धोका पोहोचतो. ज्यांच्याकडे आयएसए स्लॉटचे यंत्रच नाही, त्यांनी फक्त पीसीआयचे साधे कार्ड घेणे उत्तम. मी तेच घेतले.

बांधणीबद्दल समाधान आहे. दातांवरचा मुलामा एकसारखा होता, डाग स्वच्छ होते आणि कार्ड स्लॉटमध्ये घट्ट बसले. खटकलेली गोष्ट म्हणजे पडदा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवे बसते आणि आकडे तळाकडे तोंड करतात, त्यामुळे कॅबिनेट टेबलावर आडवे झोपवल्याशिवाय किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली धरल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. शिवाय सात रेघांच्या अशा पडद्यावर ‘बी’ हे अक्षर आणि सहाचा आकडा जवळपास सारखे दिसतात. सहाला वरची आडवी रेघ असते, ‘बी’ला नसते, एवढाच फरक. घाईत हा फरक सुटला तर पुस्तिकेतला भलताच टप्पा समोर येतो.

मात्र कार्ड लावण्याआधी काही तपासण्या उरकून घ्यायलाच हव्यात, कारण वीजपुरवठ्यातच खोट असेल तर कार्डावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मदरबोर्डाला जोडलेल्या चोवीस तारांच्या जोडणीत, संगणक चालू असताना, मागच्या बाजूने मल्टिमीटरची टोके लावून व्होल्टेज मोजावे: पिवळ्या तारेवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट. एटीएक्स मानकानुसार या तिन्हींत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट येत राहतात. हिरवी तार काळ्या तारेला जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवण्याची पद्धत दुकानांत सर्रास दिसते; त्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढे कळते, भार पडल्यावर तो टिकतो का हे कळत नाही. एसएमपीएस मात्र उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि वायर काढल्यावरही काही काळ तो राहतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगची खात्री नसते, तेथे तर सॉकेटचे अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी बटणासारख्या सीआर२०३२ सेलची. त्याचे ठरलेले व्होल्टेज ३ आहे. आमच्या बोर्डावरचा सेल बराच खाली उतरला होता. सेल संपल्यामुळे बहुतेक बोर्ड फक्त तारीख आणि सेटिंग विसरतात, तरी काही बोर्ड सेल उतरल्यावर सुरूच होत नाहीत, म्हणून तो आधी बदलून टाकणे शहाणपणाचे. तिसरी गोष्ट कॅबिनेटच्या छोट्या स्पीकरची. आमच्या कॅबिनेटला तो नव्हताच. हा स्पीकर अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि सगळी मेमरी काढून संगणक सुरू केल्यावर लांब बीप ऐकू आली, तर प्रोसेसर आणि बायोस दोन्ही जिवंत आहेत असे खात्रीने समजते. ज्यांना कार्ड घ्यायचे नाही, त्यांनी निदान हा स्पीकर तरी जरूर लावावा.

वीज पूर्ण तोडून, भिंतीतली पिन काढून आणि सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दिल्यावर कार्ड स्लॉटमध्ये बसवले. पुन्हा वीज दिल्यावर सर्वप्रथम पाहायचे ते आकड्यांच्या शेजारचे छोटे दिवे, आणि माझ्या मते कार्डाचा हा भाग आकड्यांइतकाच मोलाचा आहे. व्होल्टेजचे दिवे लागलेले असले पाहिजेत. ‘क्लॉक’चा दिवा लागलेला असला पाहिजे. ‘रीसेट’चा दिवा सुरुवातीला क्षणभर लागून विझला पाहिजे, तो विझलाच नाही, तर बोर्ड रीसेटच्या अवस्थेतच अडकला आहे आणि पुढे काही घडणार नाही. वीजपुरवठ्याचा ‘सारे ठीक’ असा संकेत, जो राखाडी तारेवरून येतो, तो न मिळाल्यानेही असे होते. बायोसच्या दिव्याचे लुकलुकणे म्हणजे प्रोसेसर बायोस वाचत असल्याची खूण. आमच्या बोर्डावर हे सर्व दिवे जसे हवेत तसे होते. म्हणजे प्रोसेसर चालत होता, आणि “बोर्ड गेला” हा निर्णय तिथेच खोटा ठरला.

आकडे भराभर बदलले आणि ‘सी१’ वर थांबले. अवॉर्डच्या बायोसमध्ये सी१ म्हणजे मेमरी शोधण्याचा टप्पा. इथे बहुतेक लोक मेमरी खराब आहे असे धरून नवी आणायला निघतात, आणि इथेच कार्डाच्या मर्यादा नीट समजून घ्यायला हव्यात. कार्ड अडकल्याची जागा सांगते, अडकण्याचे कारण सांगत नाही. सी१ वर थांबण्याचे कारण मेमरीची पट्टी असू शकते, तिचा स्लॉट असू शकतो, मेमरीला वीज देणारे बोर्डावरचे सर्किट असू शकते आणि मेमरीवर नियंत्रण ठेवणारी चिपही असू शकते. या चारही शक्यता स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमाने तपासत जाणे, हाच त्यावरचा योग्य मार्ग आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत राहिलेल्या यंत्राच्या मेमरीचे दात काळवंडतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या मऊ खोडरबराने ते हलक्या हाताने पुसले, भुगा ब्रशने झाडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्लॉट साफ केला. आकडा सी१ च राहिला. चालत्या संगणकातली तशीच डीडीआर२ पट्टी आणून प्रत्येक स्लॉटमध्ये एकटी लावून पाहिली, तरीही सी१. पट्टी चांगली आणि सगळ्याच स्लॉटांत तोच आकडा, याचा अर्थ संशय आता पट्टीवरून स्लॉटांच्या सामाईक वीजपुरवठ्याकडे सरकला. डीडीआर२ मेमरीला १.८ व्होल्ट लागतात. बोर्डावर त्या ठिकाणी मोजल्यावर मीटरवरचा आकडा त्याहून खाली आणि अस्थिर होता. टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर स्लॉटांच्या कडेला उभ्या असलेल्या कॅपॅसिटरांच्या रांगेतले काही डोक्यावर फुगलेले होते.

याची थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या पुष्कळ मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लागले. आतल्या द्रावणातून वायू तयार होऊन ते फुगत आणि गळत. दाब मोकळा होऊन कॅपॅसिटर फुटू नये, यासाठीच त्याच्या माथ्यावर ‘एक्स’ किंवा ‘के’ आकाराच्या खाचा असतात. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा पूर्ण सपाट असतो. तिथे जरासाही फुगवटा, तपकिरी डाग किंवा बुडाशी ओल दिसली, तर तो बदलायलाच हवा. ज्यांचे यंत्र या काळातले आहे, त्यांनी कोणतेही साधन घेण्याआधी टॉर्च घेऊन बोर्डाकडे नीट पाहावे. कित्येकदा दोष डोळ्यांनाच दिसतो.

त्या रांगेतले सगळेच कॅपॅसिटर तपकीर गल्लीतून आणले: तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, मूळच्यापेक्षा कमी नसलेल्या व्होल्टेजचे, १०५ अंश सेल्सिअसला टिकणारे आणि कमी ईएसआरचे, म्हणजे आतला विद्युतरोध कमी असलेले. हा शेवटचा गुण विचारून घ्यावा लागतो, कारण रेडिओ किंवा अॅम्प्लिफायरसाठीचे साधे कॅपॅसिटर तेवढ्याच आकड्यांचे असूनही मदरबोर्डाच्या वीज-सर्किटात टिकत नाहीत. मदरबोर्डाचे थर अनेक असतात आणि तांबे उष्णता ओढून घेते, म्हणून लहान डागणीने जुना कॅपॅसिटर ओढून काढायला गेल्यास छिद्राचा मुलामाच उखडतो. हे काम एका अनुभवी कारागिराकडे दिले. त्यांनी आधी ताजे शिसे घालून जुना डाग वितळवला, मग कॅपॅसिटर एका बाजूने अलगद सोडवला, आणि प्रत्येक ठिकाणी ऋण टोकाची खूण दोनदा तपासली. असे हात असलेली माणसे अजून या शहरात आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्यांना काम मिळत राहावे असे वाटते.

त्यानंतर कार्ड पुन्हा लावले, तेव्हा आकडे सी१ ओलांडून पुढे धावले आणि शेवटी ‘एफएफ’ वर स्थिरावले. इथे पुस्तिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार येते. अवॉर्डच्या बायोसमध्ये एफएफ म्हणजे तपासणी संपली आणि सूत्रे डिस्ककडे सोपवली. मात्र प्रोसेसरने एकही सूचना चालवली नाही, तेव्हाही अनेक कार्डांवर पहिल्यापासून एफएफ किंवा ०० दिसत राहतात. म्हणजे सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट अशा दोन्ही अवस्थांत पडद्यावर तीच अक्षरे असतात. फरक ओळखायचा तो आधीच्या हालचालीवरून: मधले आकडे बदलत गेले आणि मग एफएफ आले, तर तपासणी पार पडली, बटण दाबल्यापासून एफएफ जराही हलले नाही, तर प्रोसेसर, त्याचे चार किंवा आठ पिनांचे वेगळे १२ व्होल्टचे कनेक्शन आणि बायोसची चिप यांकडे वळावे. एवढी मूलभूत गोष्ट पुस्तिकेत ठळकपणे दिलेली नाही. एएमआय या दुसऱ्या कंपनीच्या बायोसचे शेवटचे चिन्ह वेगळे असते, तिथे ते बहुधा ०० असते. शिवाय पुस्तिकेतल्या तक्त्यांत एकाच कंपनीच्या बायोसच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकत्र मिसळल्या आहेत, म्हणून आकड्याचा अर्थ शक्यतो बोर्डाच्या मूळ माहितीपुस्तकात पाहावा.

आणखी एक मर्यादा खरेदीपूर्वीच जाणून घेतलेली बरी. काही बोर्डांवर ८० क्रमांकाच्या पोर्टचा आकडा पीसीआयकडे न जाता एलपीसी या दुसऱ्या मार्गाने जातो, आणि तिथे कार्ड कोरे राहते. कोरे कार्ड म्हणजे मेलेला बोर्ड असा निष्कर्ष कधीच काढू नये. इंटेलच्या २०११ सालच्या चिपसेटांपासून घरगुती बोर्डांवरचा मूळ पीसीआय मार्ग निघाला आणि पुढे तो वेगळ्या जोड-चिपेतून दिला गेला, त्यामुळे तशा बोर्डांवर या कार्डाचा भरवसा धरता येत नाही. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे स्वतंत्र दिवे किंवा दोन अक्षरी पडदा बोर्डावरच असतो. त्यांच्या मालकांनी या कार्डावर पैसे खर्च करू नयेत.

एफएफ दिसल्यानंतर कार्डाचे काम संपते आणि पुढचा रस्ता पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराने काढायचा असतो. आमच्याकडे ‘सीमॉस चेकसम’ची, म्हणजे साठवलेली सेटिंग जुळत नसल्याची सूचना आली, ती सेल बदलल्यावर येणे स्वाभाविक होते. बायोसने सगळी सेटिंग मूळ अवस्थेला नेली होती, म्हणून तारीख बरोबर केली, सुरू होण्याच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवली, आणि एक्सपी उघडले. फाँटचे सॉफ्टवेअर तरीही लॉक सापडत नसल्याचे सांगत राहिले. बायोसमध्ये समांतर पोर्टचा प्रकार बदललेला होता; तो पूर्वीच्या साध्या प्रकारावर आणल्यावर लॉक लगेच ओळखले गेले. हार्डवेअर लॉकवर अवलंबून असलेल्या अक्षरजुळणीकारांनी, लेखापालांनी आणि छापखान्यांनी बायोसच्या सेटिंगची पाने यंत्र चांगले असतानाच मोबाइलवर टिपून ठेवावीत. डिस्कमधला मजकूर अमूल्य असेल, तर हे सगळे सुरू करण्याआधी डिस्क काढून यूएसबी अॅडॉप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिची प्रत करून घ्यावी. बोर्ड बंद पडला म्हणून डिस्क बंद पडलेली नसते.

किमतीच्या मानाने कार्ड उत्तम आहे, पुस्तिका सुमार आहे आणि पडद्याची दिशा गैरसोयीची आहे. घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून करायला सांगेन. कार्ड निरोगी संगणकात लावून, बटण दाबल्यापासून एक्सपीचे चिन्ह दिसेपर्यंतचे आकडे मोबाइलच्या मंद गतीच्या चित्रणात टिपावेत आणि तो क्रम कागदावर उतरवून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. प्रत्येक बोर्डाचा क्रम थोडा वेगळा असतो, आणि पुढच्या वेळी यंत्र अडले, तर पुस्तिकेतल्या मिसळलेल्या तक्त्यांपेक्षा त्याच बोर्डाचा हा कागद कितीतरी अधिक अचूक उत्तर देईल.